आठ मिनिटांची आंघोळ

“तोंड उघडा, अक्का! उघडा म्हणतोय ना मी! तीन दिवस झाले, आता तरी एक घास!”

मॅनेजर साहेबांचा हा आवाज मला फाटकातच ऐकू आला. असा आवाज, की पलीकडच्या कारखान्याचा भोंगा लाजून घरी गेला असेल. हातातला डबा खाली न ठेवताच मी धावले. चार नंबरच्या खोलीत नीलम्मा अक्का पलंगावर ताठ बसलेली, ओठ असे मिटलेले की मधून सुई जाणार नाही, आणि पुण्याहून आलेले आमचे टायवाले साहेब तिच्यापुढे उपिटाचा चमचा धरून उभे. चमच्यातलं उपीट गार झालं होतं. अक्का तिकडं बघतसुद्धा नव्हती.

तिच्या उघड्या डाव्या तळहातावर पांढऱ्या कापडाची छोटी पिशवी होती.

“हे माझं न्हाई,” ती म्हणाली. “माझं आणून द्या, मग खाते.”

“तीन दिवस हेच चाललंय,” साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. “यांना भास होतायत, सुलोचनाताई. दुपारी दोनला अ‍ॅम्ब्युलन्स येईल. हॉस्पिटलात नेऊन नाकातून नळी घालतील. माझा इलाज नाही.”

मी त्या पिशवीकडे बघितलं आणि सोमवारची आंघोळ आठवून हातातला डबा तिथंच जमिनीवर ठेवला.

आता तुम्हाला सगळं सांगितलं पाहिजे. बीदरच्या बाहेर म्हाताऱ्या माणसांचं एक निवास आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या वकिलाचं पत्र येईल आणि मला ते वाचायला चष्मा शोधावा लागेल. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, जेवण, औषधं, शिवाय आंघोळ, कपडे, केस-नखं बघणारी आमच्यासारखी माणसं. मुलं हैदराबादला, पुण्याला, कुणाची तर अशा देशात की तिथं आपला दिवस म्हणजे त्यांची रात्र. मी तिथं एकोणीस वर्षं आंघोळी घातल्या. मास्तरांना घातल्या, सावकारांना घातल्या, एका निवृत्त फौजदाराला घातल्या. तो गार पाण्याला एवढा भ्यायचा की तांब्या बघितला की सॅल्यूट मारायचा.

लोकांना वाटतं, आंघोळ घालण्यात काय आहे? पाणी ओतलं, झालं. अशा लोकांना मी एकदा खुर्चीत बसवून, कपडे काढून, अनोळखी बाईच्या हाती देणार आहे. मग कळेल. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर आधी पाणी घालत नाहीत, त्याला बुडाल्यासारखं होतं. सुरुवात पायांपासून. पाण्याची ऊब बोटांनी बघायची नाही, आमची बोटं काम करून करून निबर झालेली असतात. कोपर बुडवून बघायचं. उघडं अंग एकदम सगळं ठेवायचं नाही, जेवढं धुवायचं तेवढंच, बाकी टॉवेलखाली. हात लावण्याआधी सांगायचं, “आता खांदा, आता काख.” कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, घासायची नाही, टिपायची. टाचा आणि माकडहाड रोज बघायचं, तिथं लाल डाग दिसला की समजायचं, जखम दार वाजवायलीय. आणि बोलत राहायचं. माणूस गप्प बसून धुतला की त्याचं भांडं होतं.

हे सगळं करायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. साहेबांनी आल्या आल्या ठरवलं, आठ.

आठ! आठ मिनिटांत माझी म्हैस ओली होत नाही.

साहेब वाईट नव्हते, हे मी शपथेवर सांगते, आणि माझी शपथ सहसा खरी असते. त्यांना वरच्या ऑफिसातून सांगितलेलं, दर्जाचं प्रमाणपत्र मिळवा. मग आमच्या हातात टॅबलेट आला. आंघोळ झाली, बरोबरची खूण. दाढी झाली, खूण. लघवीला नेलं, खूण. भिंतीवर मोठा रंगीत तक्ता: “आपुलकी हीच आमची ओळख.” त्या तक्त्याखाली आम्ही दोघी-तिघी बायका सकाळी घोड्यासारख्या पळायचो. चाळीस माणसांना धुणाऱ्या दोघी-तिघी! आपुलकी करायला थांबलं की पुढची म्हातारी खुर्चीत थंडीनं निळी पडायची.

त्यात नियम आले दोन. पहिला: खोलीत सोनं-चांदी नको, चोरी झाली की निवासाची बदनामी. दुसरा: आंघोळीच्या वेळी अंगावर धागा, माळ, ताईत काही नको, ओल्या धाग्यात जंतू होतात, सगळं काढून ट्रेमध्ये ठेवा.

कागदावर दोन्ही नियम शहाणे दिसतात. पण आमच्या भागात निम्मी घरं लिंगायत, बसवण्णांना मानणारी. त्यांच्या गळ्यात इष्टलिंग असतं, ज्याचं त्याचं छोटं शिवलिंग. जन्मल्यावर गुरू देतात ते शेवटी मातीत बरोबर जातं. मध्ये कधीही अंगावेगळं होत नाही. सकाळी आंघोळ, मग ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा, मग तोंडात पहिला घास. चांदीच्या डबीत असायचं ते. चांदी नको म्हटल्यावर डब्या घरी गेल्या आणि निवासानं सगळ्यांना एकाच थानातल्या, एकाच मापाच्या पांढऱ्या पिशव्या शिवून दिल्या. आमच्याकडं चादरीवर नंबर, मगावर नंबर, चपलांवर नंबर. पिशव्या तेवढ्या बिननंबराच्या.

मी स्वतः बौद्ध घरातली. नीलम्मा अक्का भालकी तालुक्यातल्या मेहकरची, घरी शेती आणि आडत दुकान. पहिल्या दिवशी तिनं मला गाव विचारलं, वस्ती विचारली. मी सांगितलं आणि वाट बघत उभी राहिले. ती म्हणाली, “हात गार हायत तुझे, आदी ऊन पाण्यात घाल.” झाली ओळख. तिच्या आंघोळीची रीत मीच बसवली होती: इष्टलिंग गळ्यातून काढायचं नाही, तिच्या डाव्या मुठीत द्यायचं. ती मूठ छातीशी धरून बसायची, मी मुठीच्या भोवतीनं सगळं अंग धुवायची. सहा वर्षं. एक थेंब इकडचा तिकडं नाही.

त्या सोमवारी साहेब न्हाणीघराच्या दाराबाहेर मोबाईलवर सेकंद मोजत उभे होते. शुक्रवारी तपासणीवाले येणार, त्याची रंगीत तालीम. आत दोन खुर्च्या: एकीवर अक्का, दुसरीवर हळ्ळीखेड (बी)च्या कस्तुराबाई. कस्तुराबाईंचा मुलगा बाहेर गाडी घेऊन आलेला. नातवाचं बारसं होतं, आईला आठवडाभर न्यायला आला होता. हॉर्न वाजवत होता. “सहा मिनिटं झाली, ताई,” बाहेरून आवाज. “नियम पाळताय ना?”

आणि मी, सहा वर्षांची रीत बसवणारी मी, अक्काची मूठ उघडून पिशवी ट्रेमध्ये टाकली. कस्तुराबाईंचीही त्यातच. दुसऱ्या ट्रेमध्ये कंगवे होते. अंगं पुसली, पिशव्या गळ्यांत घातल्या, टॅबलेटवर खूण केली. सात मिनिटं पन्नास सेकंद. साहेब म्हणाले, “शाब्बास.”

माझी दोन दिवस सुट्टी होती, मावसबहिणीकडं औरादला जायचं होतं, बसची वेळ झालेली. अक्कानं मागून हाक मारली, “सुलू, ए सुलू!” मला ऐकू आली. “आले आले,” म्हणत मी फाटकाबाहेर पडले. जगातली सगळी पापं मी वाढवून सांगते, एवढंच एक आहे तेवढंच सांगितलंय.

तर मी चमच्यापुढं उभी होते.

“साहेब,” मी म्हटलं, “भास न्हाईत. अदलाबदल झालीय. हे कस्तुराबाईंचं हाय. त्यांच्या पोराला फोन लावा.”

साहेबांनी चमचा ताटलीत ठेवला. दार लोटलं. हळू आवाजात म्हणाले, “ताई, बदललं असं आपण म्हटलं की ती घटना झाली. घटना झाली की नोंदवावी लागते. उद्या तपासणी आहे. शनिवारी बघू. शिवाय दोन्ही सारखीच तर दिसतात.”

“तुमाला दिसतेत.”

“शनिवारी.”

“आन् नळी?”

“ती वैद्यकीय गोष्ट आहे.”

बाहेर स्वयंपाकघरातल्या दोघी उभ्या होत्या. इथल्याच, दोघींच्याही घरी हीच पूजा. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. “कामून बोलला न्हाईत गं?” मी विचारलं. एक पदर चावत म्हणाली, “बोललो की. साहेब म्हणले, तुमी भाजी बघा.”

अक्का या तीन दिवसांत नुसत्या पाण्यावर होती, तेही औषधाची गोळी गिळायची म्हणून. ऐंशी पार केलेली बाई. गालाचे खड्डे आणखी आत गेले होते, जीभ चिकटत होती. मी परत आत येऊन तिच्यापुढं उकिडवी बसले. तिथंच सांगायला पाहिजे होतं की ट्रेमध्ये टाकणारी मीच. तोंड उघडलंही. निघालं ते एवढंच: “अक्का, कस्तुराबाईंकडं गेलंय तुमचं. मी आणते.”

“दोनच्या आत?”

“दोनच्या आत.”

मी पिशवी घेऊन माझ्या थैलीत ठेवायला लागले तर तिनं मनगट धरलं. तीन दिवस उपाशी बाईच्या हाताला अशी पकड कुठून येते, देव जाणे. “थैलीत न्हाई. कंबरला न्हाई. कुनाचं तरी हाय ते. गळ्यात घाल.”

म्हणून बौद्धाची सून गळ्यात इष्टलिंग घालून हुमनाबादच्या बसमध्ये चढली. बस एवढी भरलेली, की कंडक्टर तिकिटं फाडायला खिडकीबाहेरून चढत होता. एका पांढऱ्या टोपीच्या अप्पांनी माझ्या गळ्यातला दोरा बघितला, हात जोडले, “शरणु शरणार्थी, अक्का,” आणि उठून जागा दिली. मी म्हटलं, “शरणार्थी, अप्पा,” आणि बसले. पुढं त्यांनी कुठल्या मठाचे, गुरू कोण, असं कन्नडमध्ये विचारायला सुरुवात केली, तेव्हा मला अचानक अशी झोप लागली, की हळ्ळीखेड आल्यावरच जाग आली. घोरलेसुद्धा, खात्री पटावी म्हणून.

बारशाचं घर सापडायला वेळ लागत नाही, लाउडस्पीकर बोलावून घेतो. मांडवात सगळं गाव जेवायला बसलेलं, आणि कस्तुराबाई मागच्या खोलीत एका खुर्चीत. मला बघून त्यांनी आधी माझ्या गळ्याकडं बघितलं. मग हात पुढं केला.

“आलं व्हय माझं?”

मी गळ्यातला दोरा काढायला लागले. “तुमाला ठाऊक व्हतं?”

“सोमवारीच. हातावर घेतल्या घेतल्या. हे जड हाय माझ्यापरीस.”

“मग कस्तुराबाई, बोलला कामून न्हाईत?”

“कुनाला बोलू?” त्यांनी आवाज खाली आणला, मांडवातल्यांना ऐकू जाऊ नये इतका. “पोरगं म्हनतंय, आई, तितं चांगली सोय हाय, सारखी कुरकुर करू नको, ते ठेवून घ्यायचे न्हाईत. म्हनून गप बसले.”

“आन् पूजा?”

“केली की ह्याचीच. पाव्हण्याला उपाशी ठेवतेत व्हय?”

मला सांगा, यातली कुणाची गत जास्त भयंकर? अक्का उपाशी राहिली, ते सगळ्यांना दिसलं. कस्तुराबाई जेवल्या, हसल्या, नातवाला मांडीवर घेतलं आणि मनात एवढं मोठं ओझं घेऊन गप्प बसल्या, कारण तक्रार करणाऱ्या म्हातारीला जागा राहत नाही हे त्यांना पक्कं कळलेलं. निवासाच्या कागदावर अशा बायका “समाधानी” या रकान्यात असतात. मी एकोणीस वर्षांत अशा समाधानी बायका किती धुतल्या असतील! त्यांच्या पाठीला हात लावला की कळतं. पाठ लाकडासारखी असते.

कस्तुराबाईंनी हात धुतले, अक्काचं इष्टलिंग नव्या कापडात गुंडाळलं, माझ्या गळ्यात घातलं, आणि आपलं हाती घेऊन डोळे मिटले. तेवढ्यात त्यांचा मुलगा आला. “काय झालं, ताई? आईला काय त्रास हाय का तितं?”

मी कस्तुराबाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

“त्रास मला हाय,” मी म्हटलं. “दोन वाजायच्या आत बीदरला पोचवा.”

बारशाचा यजमान घुगऱ्या सोडून गाडी काढायला तयार झाला, हे त्याचं मोठेपण. वाटेत मी त्याला बोलले. किती बोलले ते विचारू नका. रस्त्याकडेच्या बाभळी ऐकून वाकल्या असतील. शेवटी तो एवढंच म्हणाला, “आई मला काही सांगत न्हाई, ताई.” मी म्हटलं, “तुम्ही विचारल्यावर न्हाई सांगत. तुम्ही बसल्यावर सांगतील.” त्यानं गाडीचा वेग वाढवला.

फाटकात अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. अक्काला स्ट्रेचरवर घेतलेलं, अंगावर आमची नंबरची चादर. साहेब पुढं आले, “सुलोचनाताई, तुम्ही ड्युटी सोडून, न विचारता...” मी त्यांच्या काखेखालून गेले; माझ्या अंगाची बाई अशी जाईल असं त्यांना वाटलं नसणार.

मी पिशवी अक्काच्या डाव्या तळहातावर ठेवली. तिनं उघडून बघितलंसुद्धा नाही. बोटं मिटली. मग डोळे उघडून म्हणाली, “पानी ठेव.”

“अक्का, हॉस्पिटल...” साहेब म्हणाले.

“पानी ठेव, सुलू.”

अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर भालकीकडचा निघाला. त्यानं काही न विचारता गाडी बंद केली. मी अक्काला आंघोळ घातली. किती मिनिटं लागली ते मोजलं नाही. मूठ छातीशी होती. मग तिनं पूजा केली, आणि मग दुधात कुस्करलेली अर्धी ज्वारीची भाकर खाल्ली, एकेक घास असा सावकाश, की दारात उभ्या माणसांनाच भूक लागली. स्वयंपाकघरातल्या दोघी उघड उघड रडत होत्या. ड्रायव्हरला त्यांनी दोन भाकरी वाढल्या. साहेब टॅबलेटवर काहीतरी लिहीत होते.

काय लिहीत होते ते मला नंतर दिसलं. “समुपदेशनानंतर रहिवाशाचा आहार पूर्ववत.” समुपदेशन! म्हणजे तो चमचा. शुक्रवारी तपासणीवाले आले, न्हाणीघरातल्या फरशा बघितल्या, आगीची नळकांडी मोजली, रंगीत तक्ता वाचून मान डोलावली. अक्काच्या खोलीत आले, खिडकी उघडते का ते बघितलं. तिला कुणी काही विचारलं नाही. प्रमाणपत्र मिळालं, फ्रेम झालं, दारात लागलं. मला मेमो मिळाला: परवानगीविना ड्युटी सोडल्याबद्दल. त्यात ट्रेचा शब्द नव्हता. असता तर घटना झाली असती ना!

मी तो मेमो घेतला आणि ऑफिसात जाऊन एवढी बोलले, की पंखा आपोआप फिरायला लागला. साहेब, मी म्हटलं, तुम्ही आंघोळ मोजता, माणूस कुठं मोजता? तुमच्या आईला कुणी आठ मिनिटांत धुतलं तर तुम्ही शाब्बास म्हणाल? साहेबांनी मेमोची दुसरी प्रत फायलीत लावली. आठ मिनिटांचा नियम गेला नाही. एवढं झालं, की पिशव्या आल्या तशा गेल्या आणि घरच्यांच्या डब्या परत आल्या. कुणी लेखी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मी मात्र त्या दिवसापासून कुणाचंही इष्टलिंग ट्रेमध्ये ठेवलं नाही, आणि टॅबलेटवर वेळ टाकताना धडधडीत खोटी टाकली. निवृत्तीपर्यंत. प्रत्येक आंघोळ सात मिनिटं पन्नास सेकंद. त्या निवासात माझ्याइतकी वेगवान बाई झाली नाही, असा माझा गौरवसुद्धा झाला.

पण हे सगळं रागावणं मला सोपं होतं. साहेबांवर रागावता येत होतं, वरच्या ऑफिसवर, तपासणीवाल्यांवर, परदेशातल्या मुलांवर. शनिवारी सकाळी अक्काला खुर्चीत बसवलं, पायांवर पाणी घातलं, तेव्हा न्हाणीघरात दुसरं कुणी नव्हतं ज्याच्यावर ढकलावं. ती मूठ छातीशी धरून डोळे मिटून बसलेली. मी पाय धुतले, गुडघे धुतले, पोट धुतलं. मग तांब्या खाली ठेवला.

“अक्का,” मी म्हटलं, “ट्रेमध्ये मीच टाकलं व्हतं. तुमची मूठ मीच उघडली. तुमी हाक मारली ती ऐकू आली व्हती मला. थांबले न्हाई. साहेबांनी सांगितलं म्हणून केलं असं म्हणायला येतंय, पण हात माझा व्हता. तीन दिवस माझ्यामुळं उपाशी राहिलात.”

आणखीही पुष्कळ बोलले असेन. रडलेही. अक्कानं डोळे उघडले नाहीत.

“ठाऊक हाय मला,” ती म्हणाली. “पाठ राहिली.”